सही कोणाची?

आमच्या शेलूबाजारच्या आठवडी बाजारात कोणी ओरडले तर मागे वळून पाहण्याची कोणाला सवड नसते. परंतु माझ्या भाच्याचे ओरडणे निराळे. केकाटल्यासारखा एक आवाज, पाठोपाठ मानेला हिसका आणि मग स्वत:चीच मूठ स्वत:च्या हनुवटीवर, डोळ्याखाली. दिवसातून शेकडो वेळा!

हे सुरू झाले तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि माझ्याच वर्गात होता. घरी मी त्याचा सख्खा मामा, वर्गात मात्र गुरुजी. पोरगा खोड्या करतो असे समजून मी त्याला पट्टीने मारले. एकदा नव्हे, अनेकदा. शेजारी म्हणत, “याले बाहेरचं लागलं, गुरुजी.” बहिणीने अंगारे-धुपारे केले. चौदा वर्षांनी अकोल्याच्या एका डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले: टुरेट. ते ऐकले आणि मला माझी पट्टी आठवली.

नाव नवे वाटले तरी रोग जुना आहे. झील द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरांनी १८८५ साली अशा नऊ रुग्णांची हकीकत लिहिली. शिंक जशी क्षणभर दाबता येते, कायमची नाही, तसाच हा झटका. बहुतेक मुलांचा त्रास वयात आल्यावर ओसरतो. थोड्यांचा मात्र वाढतच जातो. हिसक्यांनी मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाल्याच्या, डोळ्यावर ठोसे मारून दृष्टी अधू झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. भाच्याचे वय आता चोवीस. त्याच्या डाव्या डोळ्याची काळजी डॉक्टरांना वाटू लागली, तेव्हा घरात प्रथमच शब्द निघाला: मेंदूचे ऑपरेशन.

वाचकहो, या शब्दाला काळा इतिहास आहे. लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी १९३५ साली मनोरुग्णांच्या मेंदूतील तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली; १९४९ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. पण त्या शस्त्रक्रियेने कित्येक माणसे शांत झाली ती मन विझल्यासारखी. आपल्याकडे मद्रासला डॉ. राममूर्ती व डॉ. बालसुब्रमण्यम यांनी १९६०च्या दशकात अनावर, हिंसक वागणाऱ्या रुग्णांच्या मेंदूतील नेमकी केंद्रे निकामी करून पाहिली. १९७० साली जर्मनीत हासलर व डीकमान यांनी टुरेटच्या रुग्णांसाठी थॅलॅमसमधले काही ठिपके जाळले. जाळलेले मात्र परत येत नाही.

१९९९ साली नेदरलँड्समधील डॉक्टरांनी निराळी वाट धरली. जाळावयाचे काहीच नाही. कवटीला बारीक छिद्र पाडून केसासारख्या नव्हे, पण शेवयीएवढ्या तारा थॅलॅमसपर्यंत न्यावयाच्या. कातडीखालून त्या गळ्याच्या हाडाखाली बसविलेल्या छोट्या यंत्राला जोडावयाच्या. यंत्र मंद विद्युतस्पंदने सोडते. ती कमीजास्त करता येतात, बंदही करता येतात. काही रुग्णांचे झटके पुष्कळ कमी झाले, काहींना थोडाच गुण आला. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, तार तुटणे हे धोके आहेतच. म्हणून औषधे आणि वर्तनोपचार थकल्यावरच हा मार्ग.

आपला कायदाही सावध आहे. मानसिक आजारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करावयाची तर, २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९६ प्रमाणे दोन गोष्टी लागतात: ज्याच्यावर शस्त्रक्रिया होणार त्याची समजून-उमजून दिलेली संमती आणि मंडळाची मंजुरी. २०२३ साली मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी दीर्घ नैराश्याने ग्रासलेल्या एका महिलेवर, अशी मंजुरी घेऊनच, हे यंत्र बसविले. टुरेट हा मज्जासंस्थेचा विकार खरा. पण न्याय तोच असावा, असे मला वाटते.

गावाजवळून समृद्धी महामार्ग गेला आणि मुंबई जवळ आली. गेल्या महिन्यात ओसरीवर आम्ही बोलत बसलो होतो. बहीण म्हणाली, “दादा, मले काय समजते? सही तुम्हीच करा.” मी मान हलविली. कोपऱ्यात भाचा सोयाबीनचे पोते शिवत होता. झटका आला, मूठ हनुवटीवर बसली. श्वास घेऊन तो म्हणाला, “मामा, डोकं माहं हाय ना? मंग सही बी माहीच.”

ओसरीवर कोणी बोलेना. सतरा वर्षांत त्याला कोणी काही विचारलेच नव्हते. मी तर मुळीच नाही.

मग त्यानेच विचारले, “आधी दुसरं काही राह्यलं का?” राहिले होते. झटक्याची चाहूल ओळखून त्याला अडवणारी दुसरी हालचाल करावयाची, असे एक शिक्षण असते. अकोल्याच्या डॉक्टरांनी ते सुचविले होते. मुंबईच्या गोष्टींत आम्हीच ते विसरलो. भाऊबीज झाली की आम्ही दोघे त्यासाठी नागपूरला जाणार आहोत. त्याने भागले नाही, तर मुंबई आहेच. कागद पुढे आला तर लेखणी मी त्याच्या हाती देईन. झटक्याने सही वेडीवाकडी आली तरी चालेल. तिच्यासाठी मी त्याला पट्टी मारणार नाही.