समुद्रापासून दूरचा मुलूख

अमेरिकेतील उत्तर डाकोटा राज्यात किडर हा शेतीप्रधान परगणा आहे. समुद्र फार दूर, आणि उत्तरेचे गार वारे अडवायला डोंगर नाहीत. म्हणून हिवाळा कडक व उन्हाळा तीव्र. तेथील स्टील गावी ६ जुलै १९३६ रोजी पारा ४९ अंशांवर गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत राज्यातील पार्शल येथे तो उणे ५१ पर्यंत उतरला होता.

१२ जानेवारी १८८८ रोजी याच मैदानी प्रदेशात उबदार सकाळी मुले साध्या कपड्यांत शाळेत गेली आणि अचानक हिमवादळ आले. अंदाजे २३५ माणसे दगावली. त्यांत घरी परतणारी अनेक मुले होती.

म्हणूनच वादळी पाऊस असला की आम्ही मुलांना शाळेतच थांबवतो. पालकांनी निश्चिंत असावे.