गाण्याच्या फाइलीतील शेवटचे 128 बाइट

खिशात मावणाऱ्या डिजिटल संगीत-प्लेअरची निवड बहुधा किंमत, साठवणक्षमता आणि बॅटरी यांवरून केली जाते. परंतु तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या यावल तालुक्यातील श्रोत्याला त्याहून वेगळी कसोटी लावावी लागते. लेवा बोली, अहिराणी आणि तडवी व पावरा समाजांच्या बोली जेथे शेजारी नांदतात, तेथील श्रावणातल्या कानबाईची, आखाजीच्या झोक्यावरची आणि हळदी-लग्नाची गाणी मोठ्या संगीत कंपन्यांच्या यादीत क्वचितच आढळतात. ती घरी वा मांडवात मुद्रित होतात आणि मेमरी कार्डावरून हातोहात पसरतात. त्यामुळे गाणे कोणाचे, कोणी गायले आणि कुठले, ही माहिती त्याच्याबरोबर टिकते की नाही, हा येथे सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

या उपकरणाचा सर्वपरिचित इतिहास थोडक्यात सांगता येतो. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या ध्वनिसंक्षेपाच्या पद्धतीला 1995 मध्ये ‘एमपी3’ हे फाइलनाम मिळाले, 1998 मध्ये कोरियाचा ‘एमपीमॅन’ आणि अमेरिकेचा ‘रिओ’ हे प्लेअर बाजारात आले, ‘रिओ’विरुद्ध अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने भरलेला खटला 1999 मध्ये अपील न्यायालयात प्लेअरच्या बाजूने निकाली निघाला, 2001 मध्ये ‘आयपॉड’ अवतरला आणि 2022 मध्ये त्याचे उत्पादन थांबले. या साऱ्या धामधुमीत 1996 सालची एक लहानशी घटना मात्र जवळजवळ अलक्षित राहिली.

एमपी3 फाइलीत मुळात केवळ ध्वनी होता. गाण्याचे नाव ठेवण्याची सोय तिच्यात नव्हती. एरिक केम्प या प्रोग्रामरने ती उणीव भरून काढण्यासाठी फाइलीच्या अगदी शेवटी 128 बाइटांची एक पट्टी जोडण्याची युक्ती काढली (बाइट म्हणजे संगणकाच्या स्मृतीतील, साधारण एक लॅटिन अक्षर मावेल एवढी जागा). या पट्टीला आयडी3 टॅग म्हणतात. तिच्यातील पहिले तीन बाइट ओळखखुणेचे, त्यानंतर गाण्याचे नाव, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी 30, सालाला 4, टिपणीला 30 आणि संगीतप्रकाराच्या क्रमांकाला 1, अशी ही काटेकोर वाटणी आहे. पट्टी शेवटी ठेवण्यामागे दूरदृष्टी होती: जुन्या प्लेअरला ती समजली नाही, तरी तोवर गाणे वाजून संपलेले असे.

ही योजना कल्पक होती खरी, पण तिच्यात मराठीला जागा नव्हती. नियमानुसार तेथे लॅटिन लिपीच अपेक्षित होती. यूटीएफ-8 या आजच्या प्रचलित संकेतपद्धतीने देवनागरी बळेच बसवू म्हटले, तर प्रत्येक अक्षरचिन्हाला, म्हणजे व्यंजनाला आणि काना-मात्रेलाही, तीन-तीन बाइट लागतात. लेवा बोलीला साहित्यात अढळ स्थान मिळवून देणाऱ्या, जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचे नाव या पद्धतीने 40 बाइटांचे होते; 30 बाइटांच्या चौकटीत ते ‘बहिणाबाई च’ येथेच तुटते. शिवाय त्या चौकटीवर ‘कलाकार’ एवढेच लिहिलेले असल्यामुळे तेथे त्यांचे नाव येण्याची शक्यताही कमीच. 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटात त्यांचे शब्द वसंत पवार यांच्या संगीतात गायले गेले. मराठी श्रोता अशा गाण्याचे कवी, संगीतकार आणि गायक स्वतंत्रपणे ओळखतो, पण केम्प यांच्या पट्टीत तिघांमिळून एकच जागा होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाईंच्या रचना मुलगा सोपानदेव आदी घरच्यांनी वेळीच लिहून घेतल्या आणि 1952 मध्ये, त्यांच्या निधनानंतरच्या वर्षी, त्या ग्रंथरूपाने आल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा नोंदीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

1998 पासून आलेल्या आयडी3च्या दुसऱ्या पिढीने ही चौकट मोडली. ही माहिती बहुधा फाइलीच्या आरंभी असते, तिला 30 बाइटांचे बंधन नाही, युनिकोडमुळे देवनागरी पूर्ण लिहिता येते आणि गीतकार व संगीतकार यांना स्वतंत्र रकाने आहेत. मात्र भाषेच्या रकान्यात जी तीन अक्षरी संकेतसूची वापरायची, तिच्यात मराठी आहे, अहिराणी वा खानदेशी नाही. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात 1907 च्या खंडात खानदेशीची दखल भिल्ल भाषांबरोबर घेतली होती. अहिराणी व खानदेशी यांना पुढे नंतरच्या, अधिक विस्तृत आंतरराष्ट्रीय सूचीत संकेत मिळाले, तरी गाण्याच्या फाइलीचा नियम जुन्याच सूचीवर थांबलेला आहे. हा खानदेशावरचा अन्यायच म्हटला पाहिजे. तूर्त बोलीचे नाव टिपणीच्या रकान्यात लिहिणे हा त्यावरचा व्यवहार्य उपाय होय.

यावरून निवडीची दिशा स्पष्ट होते. प्लेअर घेताना देवनागरी नाव असलेली एक फाइल कार्डात घालून दुकानातच लावून पाहावी. पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन उमटले, तर तो प्लेअर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. कार्डाची खाच असणे अत्यावश्यक आहे, परंतु 32 जीबीपेक्षा मोठी कार्डे बहुधा एक्सफॅट या रचनेत येतात आणि जुने प्लेअर ती वाचत नाहीत. सेकंदाला 128 किलोबिट या दराची चार मिनिटांची एमपी3 फाइल सुमारे 4 एमबीची असल्याने 32 जीबीत अशी 8,000 च्या आसपास गाणी मावतात. फ्लॅक या, ध्वनीतील काहीही न गाळणाऱ्या प्रकारात तीच संख्या साधारण 1,200 वर येते.

जागेसाठी किती त्याग करावा, हे वाद्यांवर अवलंबून आहे. एमपी3 ध्वनीचे सुमारे 26 मिलिसेकंदांचे तुकडे करून मोठ्या स्वराखाली दबणारे बारीक स्वर वगळते. त्यामुळे चिपळ्यांसारखा अकस्मात आघात आला, की संक्षेपाचा खरखराट त्या आघाताच्या आधीच ऐकू येतो. पाश्चात्त्य अभियंते हा दोष कॅस्टानेट या चिपळीवजा वाद्यावर तपासतात. टाळ-चिपळ्यांच्या भजनाला म्हणून 256 किलोबिटांहून कमी दर देऊ नये, आणि कमी दराची फाइल वरच्या दरात बदलल्याने गेलेला ध्वनी परत येत नाही. कानांचीही मर्यादा पाळावी: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबल आवाज आठवड्यात 40 तास चालतो, 90 डेसिबल केवळ 4 तास.

यावल-रावेर परिसरातील ज्या घरांत कानबाईची वा आखाजीची गाणी येणाऱ्या वडीलधाऱ्या बाया आहेत, त्यांनी ती आधी फ्लॅक वा वेव्ह प्रकारात मुद्रित करावीत, एमपी3 प्रत नंतर काढावी, आणि प्रत्येक फाइलीत गाणारणीचे पूर्ण नाव तिच्या संमतीने, तसेच गाव, बोली आणि साल देवनागरीत भरल्यावाचून ती कोणाच्याही कार्डात घालू नये.