पानचहाचा सुवास आणि पर्युषणाची तयारी

तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसलेले आमचे प्रकाशा ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाते. केदारेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंची वर्दळ येथे बारमाही असते. व्यापारी घरात त्यामुळे चहाचे पातेले चुलीवरून क्वचितच उतरते. गिऱ्हाईक आले की चहा, हिशेब मिटला की चहा. माझे सासरे याच रिवाजात वाढले. दिवसातून पाच-सहा कप घोटीव चहा हा त्यांचा नेम होता आणि हाच नेम दरवर्षी पर्युषणात त्यांच्या आड येई. अठ्ठमचे पच्चक्खाण घेण्याची इच्छा मनात असे. परंतु पहिल्या उपवासाच्या संध्याकाळपर्यंत डोके असे ठणकू लागे की दुसऱ्या दिवशी पारणे करावे लागे. “माझीच श्रद्धा कमी पडते,” असे ते म्हणत, तेव्हा ऐकणाऱ्याला वाईट वाटे.

वस्तुतः हा श्रद्धेचा प्रश्न नव्हता. चहातील कॅफीनची शरीराला सवय लागते. ते एकाएकी बंद झाले की साधारण बारा ते चोवीस तासांत डोकेदुखी सुरू होते आणि पुढील एक-दोन दिवसांत ती सर्वाधिक असते. म्हणजे उपवासाचे पहिले दोन दिवसच नेमके कठीण जातात. उपाय एकच: सवय आधीपासून हळूहळू उतरवणे.

याच सुमारास सुरतेच्या व्याह्यांनी दिवाळीला दिलेला सुवासिक पानचहाचा डबा हाती आला. त्यात काळ्या चहाची लांबट पाने, वेलदोड्याचे तुकडे आणि वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या होत्या. आम्ही तो नेहमीच्या रीतीने दूध, साखर आणि पाणी एकत्र करून खळखळा उकळला. स्वयंपाकघर दरवळले, कपात मात्र तुरट, गढूळ पाणी उरले. डबा फळीवर गेला. चूक डब्याची नव्हती, रीतीची होती, हे पुढे उमगले.

आपला नित्याचा दाणेदार चहा यंत्रात चिरडून, फाडून, वळवून केलेला असतो. त्याचे बारीक कण क्षणात रंग आणि कडकपणा सोडतात. दूध-साखरेला तो पेलतो. अखंड पान मात्र सावकाश उलगडते. शिवाय सुवासाची तेले अतिशय उडणारी असतात. जितके उकळावे, तितका सुगंध वाफेबरोबर घरात जातो आणि पानातील तुरट द्रव्य मागे राहते. सुवास कपात हवा असेल तर पान उकळायचे नाही, मुरवायचे.

दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्या विहिरीचे पाणी जड आहे. अशा पाण्यातील चुन्याचा अंश चहाशी मिळून वर तवंग धरतो आणि रंग काळवंडतो. येथे आपला जुना आचारच उपयोगी पडला. पाणी गाळून, नीट उकळून परातीत निववले की विरघळलेल्या चुन्याचा बराचसा भाग खाली बसतो. वरचे निवळ पाणी अलगद ओतून घेऊन चहापुरते पुन्हा तापवले, तेव्हा चहाचा रंग प्रथमच तांबूस, स्वच्छ दिसला.

कित्येक सकाळी, नवकारशीनंतर, प्रमाण बदलत चहा करून पाहिला. शेवटी ठरलेली रीत अशी: एका मोठ्या कपाला, म्हणजे सुमारे 200 मिलिलिटर पाण्याला, एक सपाट चमचा (अडीच ग्रॅमच्या आसपास) पाने. पाण्याला उकळी येताच पातेले खाली उतरवावे, पाने घालावीत आणि ताबडतोब झाकण ठेवावे. चार मिनिटांनी गाळावे. आठ-दहा मिनिटे ठेवल्यास कडवटपणा येतो. दूध हवेच असेल तर वेगळे तापवून, गाळल्यानंतर दोन चमचे घालावे. दुधातील प्रथिने तुरटपणा धरून ठेवतात. पाने हिरव्या चहाची असतील तर उकळीपर्यंत जाऊ नये. तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागताच पाणी उतरवावे आणि दोन मिनिटांत गाळावे. प्रारंभी चार मिनिटे मोजण्यासाठी मी नवकार म्हणत असे. सासूबाईंनी शांतपणे सांगितले, “नवकार चहासाठी नसतो, सूनबाई.” तेव्हापासून घड्याळ लावते.

घरीच सुवास द्यायचा असेल तर आपल्या मर्यादेतही पुष्कळ वाव आहे. ओले आले अनंतकाय म्हणून वर्ज्य, परंतु सुंठ चालते. गवती चहाची ओली पात आणि पुदिना अनेक घरांत तिथीला व चातुर्मासात सोडतात. तेव्हा वेलदोडा, दालचिनी आणि केशर आहेतच. सुंठ व दालचिनी कठीण असल्याने ती आधी पाण्यात पाच मिनिटे उकळावीत. ठेचलेला वेलदोडा आणि केशर मात्र पानांबरोबर झाकणाखालीच घालावे. विकतचा सुवासिक चहा घेताना पाकिटावरील हिरवा ठिपका आणि घटकांची यादी अवश्य वाचावी. त्यात कधी आले असते.

साठवणीबद्दल व्यापाऱ्यांना एक सूचना. चहाचे पान शेजारचा वास शोषून घेते. चीनमध्ये मोगऱ्याच्या जातीची फुले पानांत रात्रभर मिसळून सुवासिक चहा करतात, तो याच गुणामुळे. तोच गुण आपल्या दुकानात दोष ठरतो. हिंग आणि मिरचीच्या पोत्यांशेजारी उघडा ठेवलेला चहा कसा लागेल, हे सांगायला नको. घट्ट झाकणाचा डबा, अंधारी आणि कोरडी जागा पुरे.

आता सासऱ्यांविषयी. पर्युषणापूर्वी एक महिना आम्ही आठवड्याला एकेक कप कमी केला. उरलेल्या कपांतही घोटीव चहाऐवजी चार मिनिटांचा हलका पानचहा दिला. सुवासामुळे त्यांना काही हिरावल्यासारखे वाटले नाही. शेवटच्या आठवड्यात केवळ सकाळचा एक कप राहिला, तोही अखेरच्या तीन दिवसांत सुटला. ज्यांना मधुमेह वा रक्तदाबाची औषधे चालू आहेत, त्यांनी उपवासाआधी वैद्यांचा सल्ला जरूर घ्यावा. आम्हीही घेतला होता.

त्या वर्षी त्यांचा अठ्ठम पूर्ण झाला. डोके दुखले नाही असे नव्हे. पहिल्या सायंकाळी थोडे जड होते, पण उकाळलेले पाणी घेऊन ते सूर्यास्तापूर्वी निश्चिंतपणे प्रतिक्रमणाला गेले. पारण्याच्या दिवशी त्यांना चहा विचारला, तेव्हा ते म्हणाले, “आधी मुगाचे पाणी दे. चहाची घाई नाही.” पाच दशकांत हे वाक्य त्या घराने प्रथमच ऐकले होते.