पुनर्नियोजनाची बारा मिनिटं

ग्रंथालयाचं दार ढकलून बी.एड.च्या पहिल्या वर्षाची एक छात्राध्यापिका धापा टाकत आत आली. हातात पाठ टाचणाची वही, बोटांना खडूची भुकटी. "मॅडम, दाबावर मराठीतलं काहीतरी द्या ना. बारा मिनिटांत परत पाठ घ्यायचाय."

ही बारा मिनिटं अध्यापक महाविद्यालयात शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असतात. सूक्ष्म अध्यापनाचं एक चक्र 36 मिनिटांचं. 6 मिनिटं शिकवायचं, 6 मिनिटं प्रत्याभरण ऐकायचं, 12 मिनिटांत पाठाची नव्याने आखणी करायची, मग 6 मिनिटं पुन्हा अध्यापन आणि 6 मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. समोर विद्यार्थी म्हणून बसतात ते आपलेच सहाध्यायी. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत आकाराला आली, तेव्हा पाठाचं चित्रीकरण करून शिकाऊ शिक्षकाला ते लगेच दाखवत. चूक ताजी असतानाच मदत हाताशी यावी, हे या पद्धतीचं मर्म आहे.

तिने सरावासाठी घेतलेलं कौशल्य होतं 'उदाहरणांसह स्पष्टीकरण' आणि घटक आठवीच्या विज्ञानातला 'बल व दाब'. व्याख्या चोख सांगितली होती, पण उदाहरणं नुसती मोजून दाखवल्यासारखी झाली, असं तिला प्रत्याभरणात सांगितलं गेलं होतं.

मी तिला संगणकासमोर बसवलं. आधी सशुल्क ई-ग्रंथांचा संग्रह उघडला. पासवर्ड आठवेना, तो नव्याने घेण्यात तीन मिनिटं गेली. आत पुस्तकं भरपूर होती, पण जवळजवळ सगळी इंग्रजीत, आणि तीही महाविद्यालयीन पातळीची. मग आमच्याकडच्या विज्ञान अध्यापन पद्धतीच्या एका मराठी पुस्तकाची पीडीएफ उघडली. तिने शोधाच्या चौकटीत 'दाब' टाइप केलं. उत्तर आलं, शून्य. मी पानं सरकवली, तर चौथ्या प्रकरणात ठळक मथळा होता, 'दाब'.

तो शब्द आम्हा दोघींना दिसत होता, संगणकाला दिसत नव्हता. पुस्तक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेलं होतं. अशा फाइलमध्ये पडद्यावर मराठी अक्षर उमटतं, पण आत साठवलेली असते ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग. तिथला परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की निव्वळ अक्षरांचा चिवडा हाती येतो. काही पुस्तकं तर पानांचे फोटो काढून ठेवल्यासारखी स्कॅन केलेली असतात. आमच्या यादीत ही सगळी 'डिजिटल साधनं' म्हणूनच मोजली जातात.

सहा मिनिटं उरली होती. तिने पिशवीतून बालभारतीचं आठवीचं पुस्तक काढलं आणि त्यातल्या क्यूआर कोडवर मोबाइल धरला. 'दीक्षा' उघडलं. 5 सप्टेंबर 2017 रोजी सुरू झालेलं हे व्यासपीठ आमच्या मुलींच्या वापरात फारशा तक्रारीविना आहे आणि त्याचं कारण साधं आहे. कोणीतरी आधीच बसून साहित्य पाठाशी जोडून ठेवलंय. बोर्ड, माध्यम, इयत्ता ठरली की शोधाशोध उरत नाही. चित्रफीत लांब होती. तिने पुढे सरकवत हवा तेवढा भाग पाहिला. तोच खिळा, तीच हातोडी, पण एकदा टोकाकडून ठोकलेला आणि एकदा डोक्याकडून. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, म्हणजे आमची आजी पाटीखाली चुंबळ ठेवते, ते ह्याच्यासाठीच की!"

मी मुद्दाम तिच्यामागोमाग वर्गात गेले. पहिल्या पाठात तिने फळ्यावर 'दाब = बल ÷ क्षेत्रफळ' लिहून सुरुवात केली होती. आता तिने ओढणीची चुंबळ वळली, डोक्यावर ठेवली, वर चार पुस्तकं ठेवली. मग चुंबळ काढून तीच पुस्तकं एका वहीच्या कडेवर तोलून धरली. "वजन तेवढंच आहे ना? मग आता का टोचतंय?" सूत्र तिने सर्वांत शेवटी लिहिलं. मोबाइल पाठात कुठेच दिसला नाही, तरी ती चित्रफीत त्या सहा मिनिटांत पुरेपूर होती.

महिनाभराने समाधानाचे फॉर्म आले. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकने 2017 मध्ये मूल्यांकनाची चौकट बदलली, तेव्हा विद्यार्थी समाधान सर्वेक्षण त्या प्रक्रियेचा भाग झालं आणि महाविद्यालयंही आपापल्या परीने असे फॉर्म भरून घेतात. आमच्या फॉर्मवर प्रश्न होता, 'ग्रंथालयातील डिजिटल साधनांबाबत आपण समाधानी आहात का?' बहुतेकांनी 'समाधानी'वर खूण केली होती. तिनेही. मी तिला त्या पीडीएफची आठवण करून दिली. ती म्हणाली, "पण मॅडम, वायफाय असतं की. आणि तुम्ही मदत करता."

तिने खोटं काही लिहिलं नव्हतं. प्रश्नच असा होता की त्यात संगणक, वायफाय, माझं वागणं सगळं एकत्र मिसळलं आणि मराठी पुस्तकात न सापडलेला 'दाब' त्याखाली दडून गेला. मला याची काळजी वाटते, कारण या मुली कायम ग्रंथालयाशेजारी राहणार नाहीत. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये 20 आठवडे आंतरवासितेचे असतात. खेड्यातल्या शाळेत गेल्यावर सोबत असतो फक्त मोबाइल, आणि रेंज असेलच असं नाही. काय सापडतं, काय आधीच उतरवून न्यावं लागतं, हे इथेच हाताखालून गेलं पाहिजे.

म्हणून मी टेबलावर एक साधी वही ठेवली. चार रकाने: घटक, काय शोधलं, मिळालं का, किती वेळात. पाठ संपवून आल्यावर तिथेच लिहायचं. मार्गदर्शक प्राध्यापकांना विनंती केली की फॉर्ममध्येही असाच प्रश्न घ्या, गेल्या पाठापुरता.

पहिली नोंद तिचीच आहे. 'बल व दाब. दीक्षावर चित्रफीत, 3 मिनिटं. मराठी पुस्तकात शब्द सापडला नाही.' त्या दिवसापासून मी त्या पुस्तकाची सूची युनिकोडमध्ये हाताने टंकतेय, रोज दोन पानं. चौथं प्रकरण आधी घेतलं. आता 'दाब' टाइप केलं की पान उघडतं.