वाटखर्ची

परळीत वैजनाथाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेल-फुलांचे एक लहानसे दुकान आहे. दुकानदाराची थोरली मुलगी आमच्या महाविद्यालयात अकरावीला होती, तेव्हाची ही गोष्ट. परदेशातल्या एका शैक्षणिक सहलीसाठी तिची निवड झाली. तीन आठवड्यांची सहल. तिथल्या शाळा पाहायच्या, प्रयोगशाळा पाहायच्या, एखाद्या कुटुंबात राहायचे. पत्रात लिहिले होते, निम्मी फी माफ. बापाने ते पत्र माझ्यापुढे धरले आणि विचारले, "सर, निम्मी माफ म्हंजे उरली किती?"

मी हिशेब मांडला. उरलेली फी, विमानाचे भाडे, व्हिसा, विमा. आकडा ऐकून तो गृहस्थ काही बोलला नाही. परडीतली बेलाची पाने मात्र उगाच पुन्हा मोजू लागला.

आम्ही एका संस्थेकडे मदतीचा अर्ज केला. उत्तर लवकर आले आणि गोड भाषेत आले: खर्चाच्या पावत्या सादर कराव्यात, प्रवासाहून परतल्यावर रक्कम अदा केली जाईल. आता, ज्याच्यापाशी आधी खर्च करण्याइतके पैसे आहेत, त्याने हात कशाला पसरावा? मुलगी गेली नाही. वर्गात ती पूर्वीसारखीच पहिल्या बाकावर बसत असे. फक्त त्या सहलीविषयी कोणी विचारले की वहीत डोके घाली.

तेव्हापासून मला एक खोडच लागली. कोणाचेही चरित्र हातात आले की, परदेशी जाताना याच्या तिकिटाचे पैसे कोणी दिले, ते मी आधी पाहतो. चरित्रकार मंडळी हा भाग दोन ओळींत उरकतात. बोट सुटण्याचे वर्णन मात्र पानभर!

या शोधात मला डॉ. जेरुशा झिराड भेटल्या. त्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. आडनावे केहिमकर, नवगावकर अशी. ऐकून कोणाला परकी वाटावीत? जेरुशाबाई पुण्याच्या हुजूरपागेत शिकल्या, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या आणि पुढच्या शिक्षणासाठी त्यांना लंडन गाठायचे होते. सरकारी शिष्यवृत्ती होती, पण ती पुरुषांसाठी. शेवटी टाटांच्या निधीतून कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या निघाल्या. बाई गेल्या, शिकू लागल्या, मग सरकारचेही दार उघडले आणि ती शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. 1919 साली लंडनची एम.डी. झाल्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलची धुरा त्यांनी वर्षानुवर्षे वाहिली; 1966 साली पद्मश्री मिळाली. कर्ज का होईना, ते बोट सुटण्याआधी हातात पडले होते, ही गोष्ट मला पद्मश्रीइतकीच मोलाची वाटते.

त्याच समाजातले इंग्रजी कवी निस्सिम इझिकेल 1948 साली लंडनला गेले, ते मित्राच्या पैशावर. मित्र म्हणजे नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी. जाण्याचे भागले, येण्याचे काय? कवी परत आले ते मालवाहू जहाजावर मोलमजुरी करीत!

जगभरच्या ज्यू समाजाने पुढे आपल्या तरुण मुलांच्या प्रवासाची पद्धतशीर तजवीज केली. 1999 साली काही धनिक, इस्राएल सरकार आणि ठिकठिकाणचे समाज यांनी मिळून 'बर्थराइट' नावाची योजना काढली. अठरा वर्षांवरील तरुणांना दहा दिवस इस्राएल दाखवायचे, आणि तिकिटापासून मुक्कामापर्यंत खर्च योजनेचा. भारतातली बेने इस्राएल मुलेही तीतून जाऊन आली आहेत. देणाऱ्याचा हेतू त्यात असतो, हे उघड आहे. मुलांचे मन त्या देशाशी जडावे अशी इच्छा आहे, आणि त्यावर त्यांच्यातच कडाक्याचे वादही होतात. युद्धाच्या दिवसांत या सहली थांबल्याही. पण मला भावली ती वेगळीच रीत. अमेरिकेतल्या काही शहरांत मूल प्राथमिक शाळेत असतानाच त्याच्या नावे प्रवासाचे खाते उघडतात. दरवर्षी थोडे पैसे आईबाप घालतात, थोडे त्यांचे प्रार्थनामंदिर, थोडे समाजाची संस्था. मूल सोळा-सतरा वर्षांचे होईतो वाटखर्ची तयार! आपल्याकडे याला भिशी म्हणतात. फक्त आपण तीतून फ्रिज घेतो.

आमचा मुलूख या बाबतीत अगदीच कोरा नव्हता. 1895 साली निजामाच्या शिष्यवृत्तीवर सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, सोळाव्या वर्षी इंग्लंडला गेल्या. परळी त्याच राज्यात होती. पण सरोजिनीबाईंचे वडील हैदराबादेत निजाम कॉलेजचे प्राचार्य. बेलवाल्याच्या मुलीला दरबार कुठून दिसावा?

गेल्या दसऱ्याला मी आमच्या स्टाफरूममध्ये विषय काढला. आम्ही अकरा जण भिशी लावतो. म्हटले, यंदा बारा महिन्यांची लावू. बारावा महिना कोणाच्याच नावाचा नाही, तो एखाद्या विद्यार्थ्याच्या तिकिटाचा. भौतिकशास्त्राचे सहकारी उसळले, "अहो, त्यापेक्षा नीटच्या क्लासची फी भरा! तीन आठवडे हिंडून पोराला मिळणार काय?" त्यांचे म्हणणे अगदी खोटे नव्हते. क्लासच्या फीपायी शेत गहाण टाकणारे पालक आम्ही रोज पाहतो. तासभर वाद झाला, चहा दोनदा झाला. शेवटी त्यांनीच पहिला हप्ता टेबलावर ठेवला आणि बजावले, "पैसे आधी द्यायचे. पावत्या मागायच्या नाहीत."

बेलवाल्याची थोरली आता बी.एस्सी.ला आहे. धाकटी यंदा अकरावीत आली. निवड नाही, पत्र नाही, कशाचा पत्ता नाही. तरी बापाने तिचा पासपोर्ट काढून घेतला आहे. परवा गेलो तेव्हा त्याने गल्ला उघडून दाखवला. कुंकवाच्या पुड्यांखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेला. हात पुसल्याशिवाय त्याने मला त्याला हात लावू दिला नाही.