कोश पाहण्याचा ऑनलाइन पाठ

सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय-कौशल्यांचा ऑनलाइन पाठ रचताना ‘विद्यार्थ्याला कोशाची माहिती होईल’ असे उद्दिष्ट लिहू नये. ते साध्य झाले की नाही, हे तपासता येत नाही. ‘विद्यार्थी दिलेले पाच शब्द छापील मराठी शब्दकोशात स्वतः शोधील’, हे उद्दिष्ट तपासता येते.

त्यानंतर विद्यार्थी नेमका कोठे अडेल, याचा विचार करा. ‘क्षितिज’ हा शब्द घ्या. वर्णमालेच्या तक्त्यात ‘क्ष’ शेवटी असतो. म्हणून विद्यार्थी कोशाची अखेरची पाने उलटतो. परंतु क्ष म्हणजे क् + ष. त्यामुळे अनेक कोशांत तो ‘क’च्या जोडाक्षरांत येतो. हे ठाऊक नसल्यास ‘शब्द कोशातच नाही’ असा समज होतो आणि कोश पुन्हा उघडला जात नाही.

म्हणून पडद्यावर ‘खडू, क्षितिज, कोळी’ हे शब्द कोशक्रमाने लावण्यास सांगा. उत्तर चुकल्यास केवळ ‘चूक’ असे न दर्शविता ‘क्ष’ची फोड दाखवा. कोशांचे क्रम भिन्न असू शकतात. म्हणून आरंभीच्या सूचना वाचण्याची सवयही लावा. शेवटची कृती मात्र शाळेच्या ग्रंथालयात व्हावी : शब्द शोधून त्याचा पृष्ठक्रमांक नोंदविणे. ऑनलाइन कोशात शब्द टंकलिखित केला की अर्थ समोर येतो. तेथे वर्णक्रमाची कसोटी लागत नाही.

स्वयंअध्ययन : आपल्याजवळील कोशात ‘ज्ञान’ व ‘श्रावण’ हे शब्द कोठे आहेत, ते पाहा आणि त्यांवर आधारित एक कृती तयार करा.