दिल्लीची हवा आणि एक भाता

मे महिन्यात दिल्लीची हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. दोन-अडीच महिन्यांनी त्याच खोलीतल्या कपाटातून बुरशीचा कुबट वास येऊ लागतो. कागद ही सगळी हवा अंगावर घेतो. पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो. त्याच्यावरचं सोनं किंवा शाईचा थर तेवढा ताणला जात नाही. मग त्याला भेगा जातात आणि तो पापुद्र्यांनी सुटतो.

जुनी दप्तरं आणि हवामान, एवढाच विषय संपादकांनी दिला होता. राजधानीत बडी यंत्रं असतील, असा त्यांचा अंदाज. मला अडकवून ठेवलं ते विजेवाचून चालणाऱ्या एका भात्यानं.

संसदेच्या ग्रंथालयात संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रती आहेत. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांच्या हातची, हिंदी वसंत कृष्ण वैद्य यांच्या. सजावट नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनातल्या सहकाऱ्यांची. निवडणुकांच्या प्रकरणात शिवाजी महाराजही भेटतात. हिंदी प्रतीचा हातकागद पुण्याहून गेला होता. २४ जानेवारी १९५० ला सह्या झाल्या आणि पुढची कित्येक वर्षं देशाचा हा मूळ ग्रंथ कपाटातली पैठणी जपावी तसा जपला गेला: फ्लॅनेलमध्ये गुंडाळून, डांबरगोळ्या टाकून.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आणि लॉस एंजेलिसची गेटी संवर्धन संस्था यांनी हे काम हाती घेतलं. गेटीच्या शिन माएकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कैरोतल्या राजघराण्याच्या ममींसाठी एक हवाबंद पेटी बेतली होती. तिच्याच धर्तीवर इथल्या पेट्या झाल्या आणि १९९४ मध्ये ग्रंथ त्यांत गेले. आत नायट्रोजन, ऑक्सिजन एक टक्क्याहूनही कमी. त्यामुळे शाई आणि रंग सावकाश विटतात, कसर तर जगतच नाही. नायट्रोजन अगदी कोरडा भरला तर कागद ठिसूळ होईल, म्हणून तो आधी बेतानं ओलसर करून घेतात. (वर्तमानपत्रं हटकून हेलियम लिहितात. हेलियम अमेरिकेनं १९५१ मध्ये आपल्या संविधानासाठी वापरला होता. पुढे तिथेही आर्गॉन आला.)

आता तो भाता. घट्ट बंद पेटीचं तापमान २० वरून ३० अंशांवर गेलं की आतला दाब साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण म्हणजे काचेच्या दर चौरस मीटरवर सुमारे साडेतीनशे किलोंचा रेटा. काच टिकली तरी सांध्यांतून वायू बाहेर पडणार, आणि पेटी गार झाली की त्याच फटींतून बाहेरची हवा आत ओढली जाणार. माएकावांच्या रचनेत पेटीला एक लवचिक भाता जोडलेला असतो. वायू पसरला की तो फुगतो, आक्रसला की मिटतो. आतला दाब आणि बाहेरचा दाब सारखाच राहतो. गळायला कारणच उरत नाही. मोटर नाही, बटण नाही. लोहाराच्या भात्याचं काम वारा घालणं. याचं काम वारा आत येऊ न देणं. मला तरी हे शहाणपण वातानुकूलनाच्या कुठल्याही थोरल्या यंत्राहून मोठं वाटतं.

दोन ग्रंथांचं भागलं. बाकीच्या दप्तराचं काय? दिल्लीतल्याच एका अभिलेखागारात (नाव नको) पावसाळ्यात बसलो होतो. दिवसभर एसी कुडकुडवत होता. संध्याकाळी शिपायानं शिरस्त्याप्रमाणे तो बंद केला. रात्री दमट हवा आत झिरपणार, गार पडलेल्या गठ्ठ्यांवर बसणार आणि सकाळी एसी पुन्हा सुरू. कागदाला रोज एक छोटा पावसाळा, एक छोटा उन्हाळा. चालू ठेवूनही नुसता गारवा कामाचा नाही. ३० अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा २० अंशांपर्यंत उतरवायची म्हटली तर वाटेतच तिच्यातून पाणी सुटू लागतं. ते वेगळं काढून टाकणारी यंत्रणा हवी, ती रात्रंदिवस चालायला हवी, आणि तिचं बिल कुणीतरी भरायला हवं.

जगातल्या मोठ्या संग्रहालयांनीही अलीकडे काटेकोर तापमान-आर्द्रतेचा हट्ट सैल केला आहे: १६ ते २५ अंश, ४० ते ६० टक्के आर्द्रता, चढउतार मात्र हळू. म्हणजे इमारतीपेक्षा कपाट सांभाळा, कपाटापेक्षा पेटी. पेशवे दप्तरातले कागद रुमालात बांधलेले असतात. जाड सुती कापडात घट्ट बांधलेल्या गठ्ठ्याच्या पोटापर्यंत बाहेरची दमट हवा लगेच पोचत नाही. तो रुमाल आम्लविरहित खोक्यात गेला तर आणखी उशिरा. १९१० पासून कागद गोळा करणारं पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ घ्या, नाहीतर धुळ्याचं राजवाडे मंडळ. अशा संस्थांना नायट्रोजनची पेटी परवडायची नाही, खोकी परवडतील.

पण खोकं वाळवी थांबवत नाही. छत गळत असेल तर आत शिरलेलं पाणी ते उलट धरून ठेवतं आणि बुरशीची सोय होते. शिवाय देणगीदाराला एसीवर नाव घालता येतं. गच्चीच्या डागडुजीवर कुठे घालणार? आर्द्रतेची वर्षभराची नोंद ठेवायला साधा मापक पुरतो, पण तो रोज वाचणारा माणूस लागतो, आणि तशी जागा पगारपत्रकात नसते.